साहसकाळ आणि अवर्षण : किशोर-कादंबरीच्या रूपबंधाचा एक प्रश्न

मराठी किशोर-साहसकथेतील संकट बहुधा बाहेरून येते, अकस्मात येते आणि पुस्तक मिटण्यापूर्वी टळते. हवामानाच्या आपत्तीतून तगून राहणाऱ्या मुलांची कथा या साच्यात मावते काय, हा प्रश्न विषयनिवडीपेक्षा रूपबंधाचा अधिक आहे.

ग्रीक रोमान्सचे विवेचन करताना मिखाईल बाख्तीन यांनी 'साहसकाळ' ही संकल्पना मांडली. या काळावर 'अकस्मात' आणि 'तेवढ्यात' यांची सत्ता असते. घटना घडत राहतात, परंतु नायकाचे वय वाढत नाही आणि त्याच्या अंतरंगावर त्यांचा ठसाही उमटत नाही. भा. रा. भागवत यांचा बनेश फेणे हा फुरसुंगीचा मुलगा या काळाचाच रहिवासी होय. त्याचे चापल्य कामी येते, कारण त्याच्या संकटाला चेहरा असतो आणि मुदत असते. भागवतांनीच मराठीत रुजविलेल्या ज्यूल व्हर्नच्या १८८८ मधील एका कादंबरीत निर्जन बेटावर अडकलेली मुले दोन वर्षे काढतात. बेट त्यांना पाणी, शिकार आणि निवारा देते. रॉबिन्सनच्या परंपरेतील निसर्ग कठोर असला तरी अंती उदार असतो.

सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरील तामलवाडीसारख्या गावातील मुलाला हे औदार्य गृहीत धरता येत नाही. अवर्षणाला आरंभाचा क्षण नसतो. विहीर एका रात्रीत आटत नाही; घागरीच्या खेपा वाढतात, जनावरे विकली जातात, घर ऊसतोडीला निघते, शाळा मागे राहते. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाड्याला खडी फोडण्याची कामे आणि सुकडी दिली. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. या अनुभवात 'तेवढ्यात' नाही, 'अजून' आहे. पाण्यासाठी रोज कोसभर चालणाऱ्या मुलीच्या श्रमाला साहस म्हणावे, तर वंचनेचे उदात्तीकरण होते. न म्हणावे, तर ती कथेबाहेर राहते. प्रस्तुत रूपबंधाची खरी कोंडी येथे आहे.

मराठीने या कोंडीची दोन उत्तरे दिली आहेत. 'बनगरवाडी'त (१९५५) दुष्काळ खलपुरुषासारखा अवतरत नाही. तो गाव रिकामे करीत जातो आणि तरुण मास्तराला केवळ साक्षी उरवितो. जयंत नारळीकर यांच्या 'हिमप्रलय' या कथेत आपत्ती जगव्यापी आहे, मात्र तिचे निवारण वैज्ञानिकांच्या हाती आहे. पहिल्या उत्तरात काळाचे भान आहे, कृती नाही. दुसऱ्यात कृती आहे, पण ती मुलांच्या आवाक्यातील नाही. दोन्ही कृती मुळात प्रौढ वाचकाला उद्देशून आहेत, हेही लक्षणीय आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये धाराशिव जिल्ह्यातील परंडा-भूम परिसरात अतिवृष्टीने पूर आला. अवर्षणग्रस्त म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रदेशाला पुराने वेढावे, ही घटना वरवर पाहता साहसकथेस अनुकूल ठरेल : रात्र, चढते पाणी, अडकलेली माणसे, बचाव. तथापि कथा बचावापाशी थांबली, तर खरवडून गेलेली जमीन, भिजलेली दप्तरे आणि पुढील हंगामाचे कर्ज तिच्या बाहेर राहते. शिवाय, मुलाची हुशारीच त्याला तारते असे सुचविणारी कादंबरी, ज्यांना तितकी हुशारी वा संधी लाभली नाही त्यांच्या हानीचे उत्तरदायित्व नकळत त्यांच्याच माथी मारते. हवामानबदलाची कारणे जिथे सामूहिक आणि दूरस्थ आहेत, तिथे हा केवळ कलात्मक दोष राहत नाही.

म्हणून या विषयावरील किशोर-कादंबरीचे मूल्यमापन तिच्यातील थरारावरून करणे अपुरे ठरते. आपत्तीनंतर तिच्यातील मूल बदलते काय, त्याला ओढ्याचे जुने पात्र आणि विहिरीची खोली आठवते काय, आणि 'हे का झाले' असा प्रश्न गावासमोर ठेवण्याचा अधिकार लेखक त्याला देतो काय, हे निकष अधिक महत्त्वाचे आहेत. साहस टाकून देण्याचे कारण नाही. फेणेची पिढ्यान्‌पिढ्या टिकलेली लोकप्रियता त्याची गरज सिद्ध करते. मात्र त्या साहसाला साहसकाळातून बाहेर काढून ऋतूंच्या, पिकांच्या आणि वाढत्या वयाच्या काळात आणावे लागेल.