एका प्रश्नपत्रिकेची हकीकत

हेलन केलर हिचे ‘द स्टोरी ऑफ माय लाइफ’ हे आत्मचरित्र १९०३ साली प्रसिद्ध झाले. आपल्यापैकी बहुतेकांना त्यातला एकच प्रसंग ठाऊक असतो : पंपाखाली धरलेला हात, त्यावर पडणारी पाण्याची धार, आणि दुसऱ्या तळहातावर शिक्षिकेने बोटांनी लिहिलेला ‘पाणी’ हा शब्द. प्रसंग मोठा आहे यात संशय नाही. परंतु त्याच्या तेजापुढे पुस्तकातील महाविद्यालयाची प्रकरणे झाकली गेली आहेत. पुष्कळ वर्षांनी ते पुन्हा वाचताना मला तीच अधिक मोलाची वाटली.

१८९७ च्या पूर्वपरीक्षेत शाळेचे मुख्याध्यापक गिलमन यांनी प्रश्न करपल्लवीने हेलनच्या हातात सांगितले आणि तिने उत्तरे टंकयंत्रावर लिहिली. १८९९ च्या अंतिम परीक्षेत मात्र अ‍ॅन सलिव्हन या तिच्या शिक्षिकेस प्रश्न वाचून दाखविण्याची परवानगी मिळाली नाही. प्रश्नपत्रिका अमेरिकन ब्रेलमध्ये उतरविण्याचे काम एका अपरिचित गृहस्थांकडे आले. ब्रेलमध्ये लिहून दाखविण्याखेरीज त्यांना तिच्याशी बोलता येत नव्हते. भाषांच्या प्रश्नपत्रिका सुटल्या. अडचण आली ती भूमितीत आणि विशेषतः बीजगणितात. बीजगणित ती इंग्लिश ब्रेलच्या चिन्हांनी शिकली होती, आणि अमेरिकन पद्धतीची चिन्हे निराळी होती. परीक्षेला दोन दिवस उरले असताना हे ध्यानी आले. पत्र धाडून चिन्हांचा तक्ता मागविला, आदल्या रात्रीपर्यंत तो घोकला; तरी कंस आणि मूळचिन्ह यांच्या जुळण्या उलगडेनात. प्रत्यक्ष परीक्षेत मोलाचा वेळ गणित सोडविण्याऐवजी ते वाचण्यातच गेला.

हा भाग लिहिताना तिची लेखणी विलक्षण संयमी होते. एरवी तिच्या गद्यात पुराणकथांचे संदर्भ आणि अलंकार यांची गर्दी असते; विद्यार्थिदशेतील वाचनाचे ओझे त्यावर स्पष्ट दिसते. येथे मात्र काय घडले, कोणत्या क्रमाने घडले, एवढेच ती सांगते. व्याख्यानांविषयीही तसेच. दोन्ही हात ऐकण्यात गुंतलेले, म्हणून वर्गात टिपणे घेता येत नाहीत; घरी आल्यावर आठवेल तेवढे लिहावयाचे. ब्रेलमध्ये पुस्तके थोडी, म्हणून बाकीची कुणीतरी हातावर लिहून दाखवावयाची. इतर विद्यार्थिनी मोकळ्या झाल्या तरी हिचा अभ्यास संपत नाही. जिद्दीचे गोडवे गाणाऱ्यांनी हे तपशील गाळले, आणि पुस्तकाचा कणाच गाळला.

मग या पुस्तकात उणे काय? परीक्षेची हकीकत संपविताना ती कोणासही दोष देत नाही. मंडळास कल्पना नव्हती, आणि अडथळे आपण ओलांडले एवढे समाधान पुरे आहे, असा तिचा सूर आहे. हे औदार्य मला पटत नाही. अर्थात हेही विसरता कामा नये, की पुस्तक निघाले तेव्हा ती रॅडक्लिफमध्ये शिकत होती. पदवी तिला १९०४ साली मिळाली. संस्थेत राहून संस्थेविषयी किती लिहावे, हे आपणां नोकरदारांस कोणी शिकवावयास नको!

मी प्रथम वर्षाला असताना वरच्या वर्गातील एका अंध विद्यार्थ्याचा लेखनिक म्हणून परीक्षेस बसलो होतो. प्रश्नपत्रिकेत एक आलेख छापलेला होता. तो मी शब्दांत सांगावा की नाही, यावर अधिकाऱ्यांचा खल चालला. होकार येईपर्यंत पाऊण तास गेला आणि तो भरून मिळाला नाही. कोणी वाईट वागले नाही, सर्वजण नियमच पाहत होते. जिना उतरताना त्याने एवढेच विचारले, “तो आलेख खरंच सोपा होता का रे?” मला उत्तर देता आले नाही. कोणाचाच दोष नाही असे आपण म्हणतो, तेव्हा तो पाऊण तास कोणाच्या खाती मांडावयाचा?

आपल्याकडे त्यानंतर पुष्कळ झाले आहे. निरनिराळ्या भाषांच्या ब्रेल पद्धतींऐवजी भारती ब्रेल ही समान पद्धत १९५१ साली स्वीकारली गेली होतीच. २०१६ च्या कायद्याने सरकारी व अनुदानित उच्चशिक्षण संस्थांत दिव्यांगांसाठी किमान ५ टक्के जागा राखल्या. लेखी परीक्षेत तासामागे किमान २० मिनिटे अधिक द्यावीत, असे २०१८ च्या केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांनी सांगितले. परंतु चिन्ह कोणते, आलेख कोण सांगणार, हे परीक्षेच्या सकाळी ठरत असेल, तर ती २० मिनिटेही तेथेच खर्ची पडतील.

पंपाचा प्रसंग मुलांच्या पाठ्यपुस्तकात खुशाल राहो. बीजगणिताच्या त्या प्रश्नपत्रिकेची हकीकत मात्र आपण, परिपत्रकांचे मसुदे करणाऱ्यांनी, अवश्य वाचावी.