दूरस्थ कर्मचारी आणि भ्रमणध्वनीचे मेघाधारित व्यवस्थापन : एक चिकित्सा

प्रस्तावना

कार्यालय म्हणजे चार भिंती, हजेरीपट आणि साहेबांची खोली ही कल्पना मार्च २०२० मधील टाळेबंदीनंतर वेगाने मागे पडली. घरून काम करणारा संगणक अभियंता, वाड्यावस्त्यांवर फिरणारी आशा स्वयंसेविका, घरोघरी पार्सल पोहोचविणारा तरुण आणि आपल्या खोलीतून ऑनलाइन तास घेणारा प्राध्यापक हे सर्वच आज कमीअधिक प्रमाणात 'दूरस्थ कर्मचारी' आहेत. त्यांच्या हातातील भ्रमणध्वनी हेच त्यांचे कार्यालय झाले आहे. या विखुरलेल्या कार्यालयाची देखरेख करण्यासाठी जी यंत्रणा उभी राहिली, तिला तंत्रज्ञानाच्या परिभाषेत 'मोबाईल डिव्हाइस मॅनेजमेंट' (एमडीएम) असे म्हणतात. तिच्यावरील बहुतेक लेखन उत्पादकांच्या माहितीपत्रकांच्या सुरात झालेले आहे. सोय, सुरक्षितता आणि बचत हे त्याचे तीन ठरलेले शब्द होत. प्रस्तुत लेखात या यंत्रणेचा तांत्रिक परिचय करून देण्यापेक्षा तिच्यामागील गृहीतकांची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे. उपकरणाचे व्यवस्थापन कोठे संपते व माणसाचे व्यवस्थापन कोठे सुरू होते, हा या चिकित्सेचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

यंत्रणेचे स्वरूप

ही कल्पना अगदी नवी नाही. १९९९ मध्ये ब्लॅकबेरीच्या एंटरप्राइज सर्व्हरने कार्यालयाची ई-टपाल सेवा खिशात आणली आणि त्याचबरोबर त्या खिशावर कार्यालयाचे नियंत्रणही आणले. २०१० मध्ये अ‍ॅपलने आयफोनच्या प्रणालीत व्यवस्थापनाची सोय अंतर्भूत केली. २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टची मेघाधारित 'इंट्यून' सेवा आली, तर २०१५ मध्ये गूगलने अँड्रॉइडवर कामासाठी स्वतंत्र कप्प्याची व्यवस्था उपलब्ध करून दिली.

कार्यपद्धती थोडक्यात अशी. फोन प्रथम संस्थेच्या खात्याशी नोंदविला जातो. त्यानंतर प्रशासक एका संकेतस्थळावरील पटलावरून आज्ञा देतो : सांकेतिक शब्द सक्तीचा करा, अमुक अ‍ॅप बसवा, तमुक काढून टाका, कॅमेरा बंद करा, फोन कुलूपबंद करा, किंवा त्यातील सर्व मजकूर पुसून टाका. सर्व्हर फोनला जागे करणारा संकेत पाठवितो, फोन सर्व्हरशी संपर्क साधून आज्ञा घेतो आणि ती पाळल्याचे कळवितो. फोन बंद असेल तर आज्ञा वाट पाहत थांबते आणि तो पुन्हा इंटरनेटशी जोडला गेला की अमलात येते. प्रशासक व कर्मचारी यांची भेट होण्याची आवश्यकता नसते, किंबहुना त्यांनी एकमेकांना ओळखण्याचीही नसते.

या यंत्रणेचे समर्थन पोकळ आहे असे म्हणता येणार नाही. एखाद्या परिचारिकेचा फोन बसमध्ये हरवला आणि त्यात रुग्णांच्या नोंदी असतील, तर त्या दूरवरून पुसता येणे ही रुग्णांच्या दृष्टीने गरजच आहे. तिला नकार देणे हा भाबडेपणा ठरेल. म्हणून येथील आक्षेप तंत्रज्ञानाच्या अस्तित्वावर नसून त्याच्या मर्यादा कोण ठरवितो यावर आहे.

परिभाषेची चिकित्सा

कोणत्याही व्यवस्थेची दृष्टी तिच्या परिभाषेत उमटते. या यंत्रणेच्या परिभाषेत 'एनरोलमेंट' म्हणजे नोंदणी आहे, 'पॉलिसी' म्हणजे धोरण आहे, 'कम्प्लायन्स' म्हणजे अनुपालन आहे. या सर्व क्रियांचा कर्ता प्रशासक आहे आणि कर्म आहे 'डिव्हाइस'. माणूस या वाक्यरचनेत कोठेच येत नाही. फारतर तो 'यूजर' म्हणून उपकरणाचे एक विशेषण होऊन येतो. फोन 'अनुपालन न करणारा' ठरतो तेव्हा प्रत्यक्षात त्याच्या धारकाचे काम अडते, पण पटलावर दिसते ती फक्त एका उपकरणासमोरची लाल खूण.

'मेघ' हे रूपकही असेच फसवे आहे. कालिदासाचा मेघ रामगिरीवरच्या यक्षाचा निरोप दूर अलकेला नेतो. तो दूरस्थाचा दूत आहे आणि निरोप देणारा यक्ष त्याला विनवितो. इथला मेघ मालकाची आज्ञा घेऊन येतो आणि ज्याच्याकडे येतो त्याला विचारीत नाही. शिवाय तो आकाशात नसतो. तो कोणत्या तरी कंपनीच्या मालकीच्या यंत्रांवर, कोणत्या तरी देशाच्या कायद्याखाली आणि कोणत्या तरी कराराने बांधलेला असतो. त्या करारावर सही संस्थेची असते. कर्मचाऱ्याला तो करार वाचावयासही मिळत नाही.

हरियाणातील आशांचा नकार

हा प्रश्न भारतात सर्वांत स्पष्टपणे कोणी मांडला असेल, तर तो महानगरांतील माहिती तंत्रज्ञान क्षेत्राने नव्हे, तर हरियाणातील आशा स्वयंसेविकांनी. २०२१ मध्ये राज्यातील सुमारे वीस हजार आशांना कामाच्या फोनमध्ये 'एमडीएम ३६० शील्ड' हे अ‍ॅप बसविण्यास सांगण्यात आले. आपण कोठे आहोत यावर या अ‍ॅपद्वारे पाळत राहील, फोनमधील अ‍ॅप दूरवरून बसविता-काढता येतील आणि खासगी माहितीही सुरक्षित राहणार नाही, असा आक्षेप घेऊन त्यांच्या संघटनेने बहिष्कार पुकारला. उच्च तांत्रिक शिक्षण नसलेल्या स्त्रियांनी यंत्रणेचा नेमका मर्मबिंदू ओळखला होता.

या प्रसंगात एक अंतर्विरोध आहे व तो सूक्ष्मपणे पाहण्यासारखा आहे. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले तेव्हापासून आशा ही शासनाच्या लेखी 'स्वयंसेविका' आहे. तिला वेतन नाही, कामागणिक प्रोत्साहन भत्ता आहे. ती कर्मचारी नाही म्हणून वेतनश्रेणी, भविष्यनिर्वाह निधी आणि निवृत्तिवेतन यांवर तिचा हक्क मानला जात नाही. परंतु तिच्या हातातील फोनवर नियंत्रण आणावयाचे ठरते, तेव्हा मात्र मालक आणि नोकर हे नाते गृहीत धरले जाते. हक्कांच्या वेळी स्वयंसेविका आणि देखरेखीच्या वेळी कर्मचारी, अशी ही दुहेरी ओळख आहे. तंत्रज्ञानाने ही विसंगती निर्माण केली नाही. ती आधीच होती, तंत्रज्ञानाने तिला हातात धरता येईल असे रूप दिले.

महाराष्ट्रातील अनुभव वेगळा असला तरी पूरक आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातील अंगणवाडी सेविकांनी शासनाने २०१९ मध्ये दिलेले मोबाईल परत करण्याचे आंदोलन केले. फोन निकृष्ट आहेत, वारंवार बंद पडतात आणि मार्च २०२१ पासून आलेले 'पोषण ट्रॅकर' हे अ‍ॅप इंग्रजीत आहे, असे त्यांचे म्हणणे होते. हे आंदोलन व्यवस्थापन यंत्रणेविरुद्ध नव्हते. पण त्यातून दुसरी बाजू पुढे आली. संस्थेचा फोन चालेनासा झाला की काम कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या फोनवर सरकते. मग दुरुस्ती तिची, रिचार्जची ओढाताण तिची, आणि अ‍ॅपला द्यावयाच्या परवानग्याही तिच्याच खासगी आयुष्यावर. उपकरण कोणाचे, हा प्रश्न म्हणूनच केवळ खरेदीचा राहत नाही.

केंद्रीकरणाचा धोका

मेघाधारित व्यवस्थापनाचे सर्वांत मोठे आकर्षण म्हणजे एका पटलावरून हजारो फोन सांभाळता येणे. त्याचा धोकाही नेमका तोच आहे. ४ ऑगस्ट २०२४ रोजी 'मोबाईल गार्डियन' या मेघाधारित सेवेत अनधिकृत प्रवेश झाला आणि सिंगापूरमधील २६ माध्यमिक शाळांतील सुमारे तेरा हजार विद्यार्थ्यांच्या उपकरणांतील मजकूर दूरवरून पुसला गेला. तेथील शिक्षण मंत्रालयाने हे अ‍ॅप सर्वच विद्यार्थ्यांच्या उपकरणांवरून काढून टाकण्याचा निर्णय घेतला. पुसण्याची सोय ही सुरक्षिततेसाठी होती. तीच सोय परक्या हातात पडताच परीक्षेच्या तयारीतील मुलांच्या टिपणांवर फिरली.

याचा सगळा दोष मेघाला देणेही योग्य होणार नाही. जुलै २०२३ मध्ये नॉर्वेच्या बारा मंत्रालयांच्या सामायिक यंत्रणेत झालेला शिरकाव हा 'इव्हान्टी' कंपनीच्या भ्रमणध्वनी-व्यवस्थापन प्रणालीतील त्रुटीमुळे झाला होता आणि ती प्रणाली संस्था आपल्याच सर्व्हरवर चालवितात. म्हणजे सर्व्हर आपला असो वा परक्याचा, सर्व किल्ल्या एका जुडग्यात ठेवल्या की जुडगा हरवण्याची किंमत सर्वांनी मोजावी लागते. ही किंमत माहितीपत्रकातील बचतीच्या तक्त्यात कधी दाखविली जात नाही.

संमती आणि कायदा

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा एकमुखी निर्णय दिला. त्यानंतर सहा वर्षांनी संसदेने डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ संमत केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. या अधिनियमाच्या सातव्या कलमात नोकरीच्या प्रयोजनासाठी, तसेच मालकाचे नुकसान टाळण्यासाठी, संमतीविना माहिती हाताळण्याची मुभा आहे. 'नोकरीचे प्रयोजन' हा शब्दप्रयोग इतका ऐसपैस आहे की, सुटीच्या दिवशी कर्मचारी कोठे होता हेही त्यात बसविता येईल. ज्या आशेला नोकरच मानले जात नाही, तिच्या बाबतीत ही मुभा कोणत्या आधारावर घ्यावयाची, याचे उत्तर तर आणखी अवघड आहे.

याउलट, युरोपीय संघाच्या माहिती संरक्षणविषयक कार्यगटाने जून २०१७ मधील आपल्या अभिमतात भ्रमणध्वनी-व्यवस्थापनाचा स्वतंत्र उल्लेख केला आहे. अशी यंत्रणा आणण्यापूर्वी तिच्या परिणामांचे मूल्यमापन करावे आणि कर्मचाऱ्यांना कोणती पाळत ठेवली जाते याची पूर्ण माहिती द्यावी, असे त्यात म्हटले आहे. मालक व नोकर यांच्यातील सत्तेची विषमता पाहता नोकराची संमती क्वचितच मुक्त असते, ही भूमिकाही त्यात घेतलेली आहे. आपल्या कायद्याने संमतीची अडचण ओळखली, परंतु उपाय म्हणून संमतीच वगळली.

आपल्या उंबरठ्यावर

हा प्रश्न महाविद्यालयांच्या बाहेरचा आहे असे वाचकांना वाटण्याचा संभव आहे. टाळेबंदीच्या काळात अनेक महाविद्यालयांनी मेघाधारित सेवांची संस्थात्मक खाती घेतली व प्राध्यापकांनी ती आपापल्या फोनमध्ये जोडली. प्रस्तुत लेखकानेही एका महाविद्यालयात असताना तसे केले. खाते जोडताना पडद्यावर एक सूचना आली : संस्थेला या फोनवरील सुरक्षाविषयक नियम ठरविण्याचा व मजकूर पुसण्याचा अधिकार राहील. फोन स्वतःच्या पगारातून घेतलेला होता, त्यात घरची छायाचित्रे होती, आणि तास सुरू व्हायला दहा मिनिटे होती. 'मान्य आहे' यावर बोट ठेवले गेले. पुढे संगणक कक्षात चौकशी केली असता, हे अधिकार कोणी आणि का निवडले, हे कोणालाच सांगता आले नाही. कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. एका रकान्यात कोणीतरी खूण केली होती, इतकेच. चिंतेची बाब तीच आहे.

येथे पर्याय नव्हता असेही नाही. अँड्रॉइडमधील कामाच्या स्वतंत्र कप्प्यात संस्थेचे नियंत्रण त्या कप्प्यापुरतेच राहते. वैयक्तिक बाजूची छायाचित्रे वा संदेश प्रशासकाला दिसत नाहीत आणि केवळ कामाचा भाग पुसता येतो. अ‍ॅपलनेही २०१९ मध्ये वैयक्तिक फोनसाठी मर्यादित नोंदणीची सोय आणली. म्हणजे मर्यादा घालणारे तंत्र उपलब्ध आहे. ते न वापरणे हा तंत्राचा दोष नसून धोरणाचा, आणि अनेकदा केवळ आळसाचा, दोष आहे.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, मेघाधारित व्यवस्थापन ही तटस्थ सोय नसून कामाच्या नात्याची ती एक नवी मांडणी आहे. म्हणून तिचा निर्णय केवळ संगणक कक्षावर सोपवू नये. दुसरा असा की, उपकरण संस्थेचे असेल तर नियंत्रणाला एक आधार असतो, पण उपकरण कर्मचाऱ्याचे असेल तर नियंत्रण कामाच्या कप्प्यापलीकडे जाता कामा नये. तिसरा असा की, कोणती माहिती गोळा होते, ती कोण पाहतो, किती काळ ठेवली जाते आणि मजकूर पुसण्याची आज्ञा कोण देऊ शकतो, या चार प्रश्नांची लेखी उत्तरे मराठीतून कर्मचाऱ्याच्या हाती पडली पाहिजेत. महाविद्यालयांनी याची सुरुवात स्वतःपासून करावी. अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाच्या एका बैठकीत हे होण्यासारखे आहे.

हरियाणातील आशांनी फोन नाकारला नव्हता, काम तर मुळीच नाकारले नव्हते. फोनच्या पलीकडून कोण पाहते आहे, एवढेच त्यांनी विचारले होते. हा प्रश्न विचारण्यासाठी एम.फिल. लागत नाही. मात्र ज्यांच्याकडे पदव्या आहेत, त्यांनी तो विचारलाच नाही, तर आपल्या विद्येचा उपयोग काय, हे आपण सर्वांनी स्वतःला विचारावयास हवे.