माहलका बाई ‘चंदा’ यांचा दीवान : एक टिपण

आदिलाबाद जिल्हा पुढे ज्या हैदराबाद संस्थानात होता, त्या निजामाच्या दरबारातील माहलका बाई (1768-1824) यांना केवळ नर्तकी म्हणणे अपुरे आहे. त्यांना जहागिरी होत्या. निजाम अली खानांच्या स्वाऱ्यांत त्या सोबत असत. 1798 मध्ये त्यांचा दीवान (गझलसंग्रह) सिद्ध झाला. त्यात 125 उर्दू गझला असून प्रत्येकीत पाच शेर आहेत. दीवान असलेली पहिली स्त्री कोण, हा वाद (लुत्फुन्निसा इम्तियाज यांचा दीवान 1797 चा) गौण होय. दरबारी कवीने आश्रयदात्याची स्तुती करावी, हा रिवाज. चंदांच्या गझलेचा शेवटचा शेर मात्र हजरत अलींकडे वळतो. त्यांचे स्वातंत्र्य इथे दिसते. 1799 मध्ये दीवानाची प्रत त्यांनी जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्यास भेट दिली. ती आज लंडनमध्ये आहे.