रूपावरून कूळ? : भूचर चपटकृमींच्या वर्गीकरणाची एक तपासणी

'नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये' असे आपल्याकडे म्हणतात. वर्गीकरणशास्त्राने हा सल्ला कधीच मानला नाही. कूळ शोधणे हेच त्याचे काम आहे. मात्र ते कशावरून शोधायचे, याबद्दल या शास्त्रात फार जुना वाद आहे. तो समजून घ्यायला उष्ण प्रदेशातील भूचर चपटकृमींइतके चांगले उदाहरण क्वचित सापडेल. या प्राण्यांवरील सर्वांत ख्यातनाम ग्रंथ म्हणजे ऑस्ट्रियन प्राणिशास्त्रज्ञ लुडविग फॉन ग्राफ यांनी १८९९ मध्ये प्रसिद्ध केलेला जर्मन महाग्रंथ. त्यातील वर्गीकरणापैकी आज काय टिकले आणि काय टिकले नाही, हे आम्ही येथे तपासणार आहोत. छायाचित्र पाहून प्राण्याचे नाव सांगण्याची सवय आज शाळांतही रुजली आहे. त्यामुळे या तपासणीचा संबंध केवळ इतिहासाशी नाही, वर्गातील अध्यापनाशीही आहे.

चपटकृमी म्हटले की शिक्षकांच्या डोळ्यांपुढे यकृतकृमी आणि पट्टकृमी उभे राहतात. फार तर डबक्यातील प्लॅनेरिया. परंतु प्लॅनेरियाच्या नात्यातील एक मोठी शाखा जमिनीवर राहते. जिओप्लॅनिडी या कुलात नऊशेंहून अधिक जातींची नोंद झालेली आहे. या प्राण्यांना फुप्फुसे नाहीत, रक्ताभिसरण संस्था नाही आणि अंगातील पाणी धरून ठेवणारे आवरणही नाही. साहजिकच ओला पालापाचोळा, कुजके ओंडके, दगडाखालची सावली हीच त्यांची घरे होत. तोंड डोक्यावर नसून पोटाच्या बाजूला, शरीराच्या मध्याजवळ असते. त्यातून नळीसारखी ग्रसनी बाहेर काढून हा प्राणी गांडूळ किंवा गोगलगाय फस्त करतो. गुदद्वार नसल्यामुळे न पचलेला भाग तोंडावाटेच बाहेर पडतो. पावसाळ्यात कोकणात आणि सह्याद्रीच्या जंगलांत अर्धचंद्राकृती डोक्याचे असे लांबट कृमी दिसतात.

रूपाच्या बाबतीत हा गट फार नटवा आहे. काही जाती काळ्याभोर, काही चमकदार निळ्या, तर काहींच्या पिवळसर अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत गडद रेघा. काहींचे डोके हातोड्यासारखे आडवे पसरलेले, काहींचे निमुळते. कोणाला दोनच डोळे, तर कोणाला शरीराच्या कडांनी शेकडो बारीक नेत्रबिंदू. इतकी ठळक लक्षणे समोर असताना अभ्यासकाला त्यांचा मोह पडला नसता तरच नवल.

हा मोह ग्राफ यांच्याही आधीचा आहे. डेन्मार्कच्या ओटो म्यूलर यांनी १७७४ मध्ये एका भूचर चपटकृमीचे वर्णन केले, तेव्हा त्याला 'फॅसिओला' या प्रजातीत बसवले. आज आपण यकृतकृमीला जी प्रजाती देतो, तीच ही. चपटेपणाच्या साम्यावरून जमिनीवरचा मुक्त शिकारी आणि मेंढीच्या यकृतातील परजीवी एका घरात आले. चार्ल्स डार्विन यांना बीगल जहाजाच्या प्रवासात दक्षिण गोलार्धात असे बारा जातींचे कृमी मिळाले. १८४४ मध्ये त्यांनी वर्णने प्रसिद्ध केली, तेव्हा एका जातीला जे नाव दिले त्याचा अर्थच 'व्हॅजिन्युलस या बिनशंखी गोगलगायीसारखा' असा होतो. ओंडक्यांखाली सापडतात त्याअर्थी हे प्राणी कुजके लाकूड खात असावेत, असाही त्यांचा समज झाला. डार्विन यांच्यासारखा निरीक्षकही दिसण्यावरून आणि सापडण्याच्या जागेवरून चुकीचा निष्कर्ष काढू शकतो, हे विद्यार्थ्यांना जरूर सांगावे.

ग्राफ यांचा ग्रंथ या पार्श्वभूमीवर पाहिला पाहिजे. तोवर विखुरलेली वर्णने त्यांनी एकत्र आणली, निरनिराळ्या देशांतून आलेले नमुने तपासले आणि रंगीत चित्रांसह जगातील ज्ञात जातींचा आढावा घेतला. शरीराच्या अंतर्रचनेचेही बारकाईने वर्णन केले. आजही कोणत्याही जातीचा जुना इतिहास शोधणाऱ्याला या ग्रंथाकडे वळावे लागते. ही थोरवी मान्य करूनच पुढची टीका करायची आहे. अंतर्रचना ठाऊक असूनही ग्राफ यांनी कुलांची मुख्य वाटणी केली ती बाह्य लक्षणांवर : डोके पसरट आहे की नाही, डोळे दोन की अनेक, पुढच्या टोकाला चूषक आहे की नाही. ही तीन लक्षणे एकेक करून पाहू.

पहिले लक्षण डोक्याचे. पसरट, अर्धचंद्राकृती डोक्याच्या कृमींचा ग्राफ यांनी वेगळा गट मानला. आधुनिक रेण्वीय अभ्यासातही हा गट एकसंध राहिला. आज त्याला बायपॅलिनी हे उपकुल म्हणतात. येथे ग्राफ यांची नजर अचूक ठरली. पण गटाच्या आत शिरल्यावर अडचण सुरू होते. विल्यम स्टिम्पसन यांनी १८५७ मध्ये स्थापलेल्या 'बायपॅलियम' या प्रजातीत हातोडाडोक्या कृमींची मोठी गर्दी झाली. प्रजननेंद्रियांची रचना पाहता त्यांतील काही एकमेकांपासून बरेच दूर आहेत, असे पुढे दिसून आले. म्हणून १९९८ मध्ये 'नोव्हिबायपॅलियम' आणि २००१ मध्ये 'ह्युंबर्टियम' या वेगळ्या प्रजाती केल्या गेल्या. डोके घराणे सांगते, पण घराण्यातला माणूस नेमका कोण हे सांगत नाही.

दुसरे लक्षण डोळ्यांचे, आणि येथे ग्राफ यांचे वर्गीकरण सपशेल कोसळले. निमुळत्या डोक्याचे आणि अनेक डोळ्यांचे कृमी त्यांनी 'जिओप्लाना' या एका प्रजातीत मोठ्या संख्येने घातले. त्यात दक्षिण अमेरिकेतील कृमी होते, तसेच ऑस्ट्रेलियातील 'सीनोप्लाना'ही होते. परंतु शरीर कापून पाहिले तर दक्षिण अमेरिकी कृमींची वृषणे पाठीच्या बाजूला आहेत, तर सीनोप्लानाची पोटाच्या बाजूला. दोन डोळ्यांच्या ऱ्हिंकोडेमिनी या गटातही ती पोटाकडेच असतात. २००८ मध्ये बार्सिलोना येथील संशोधकांनी जनुकांची तुलना प्रसिद्ध केली, तेव्हा अनेक डोळ्यांचे सीनोप्लाना हे दोन डोळ्यांच्या कृमींचे जवळचे नातलग ठरले. २००९ च्या नव्या वर्गीकरणात सर्व भूचर प्लॅनेरिया जिओप्लॅनिडी या एकाच कुलात आले आणि सीनोप्लाना ऱ्हिंकोडेमिनी उपकुलात गेले. वृषणांच्या जागेने जे सुचवले होते, त्याला जनुकांनी दुजोरा दिला. डोळ्यांची संख्या मात्र दिशाभूल करणारी निघाली.

तिसरे लक्षण चूषकाचे. त्यावर उभारलेले कुल पुढील अभ्यासकांनी मोडीत काढले. चूषक ही जगण्याच्या गरजेपोटी आलेली सोय आहे. तेवढ्यावरून नाते ठरत नाही.

राहिला रंग आणि रेघांचा प्रश्न. जातींच्या वर्णनांत त्यांचा आधार सर्रास घेतला गेला. मद्यार्कात ठेवलेल्या नमुन्यांचे रंग उडतात किंवा बदलतात, ही एक अडचण. त्याहून मोठी अडचण युरोपातील एका उदाहरणावरून कळेल. दक्षिण अमेरिकेतील एक तपकिरी कृमी युरोपातील बागांतून पसरू लागला. रूपसाम्यामुळे त्याची ओळख 'ओबामा मार्मोराटा' अशी पटवली गेली. (हे प्रजातीनाम ब्राझीलमधील तुपी भाषेतील 'पान' आणि 'प्राणी' या अर्थांच्या शब्दांपासून बनवले आहे, त्याचा राजकारणाशी संबंध नाही.) २०१६ मध्ये अंतर्रचना आणि जनुके तपासल्यावर ती वेगळीच जात निघाली आणि तिला 'ओबामा नुंगारा' हे नाव मिळाले. नुंगारा म्हणजे तुपी भाषेत 'सारखा'. युरोपात पसरलेले हे कृमी मुळात अर्जेंटिनातून आले, असे २०२० मधील संशोधनातून दिसले. म्हणजे नाव चुकले असते, तर मूळ देशाचा शोधही चुकीच्या दिशेने गेला असता.

यावर कोणी म्हणेल की मग बाह्य लक्षणे सोडून द्या आणि केवळ प्रजननेंद्रियांवर विसंबा. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात असाच आग्रह धरला गेला. त्यासाठी प्राण्याचे मेणात बसवून अतिशय पातळ असे क्रमवार छेद घ्यावे लागतात, ते रंगवावे लागतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहून इंद्रियाची रचना मनाने पुन्हा जुळवावी लागते. हे काम कष्टाचे तर आहेच, पण त्याला मूलभूत मर्यादाही आहे. हेन्री मोझली यांनी १८७८ मध्ये लंडनच्या क्यू उद्यानातील काचगृहात सापडलेल्या कृमीला 'बायपॅलियम क्यूएन्से' हे नाव दिले. त्याचे मूळ घर आग्नेय आशिया. कुंड्यांतील मातीबरोबर तो जगभर गेला. नव्या घरी तो बहुतेक वेळा शेपटीचे तुकडे तोडून वाढतो. प्रत्येक तुकड्याचा नवा कृमी होतो. प्रजननेंद्रिये पूर्ण तयार झालेला प्राणी तेथे क्वचितच मिळतो. जे इंद्रिय नाहीच, त्यावरून ओळख कशी पटवणार?

ही अडचण शास्त्रज्ञांनी प्रामाणिकपणे सोडवली, असे आमचे मत आहे. ज्या हातोडाडोक्या जातींची प्रजननेंद्रिये माहीत नाहीत, त्यांच्यासाठी २००२ मध्ये 'डायव्हर्सिबायपॅलियम' नावाचा एक तात्पुरता कप्पा करण्यात आला. मादागास्करजवळच्या मायोत बेटावरील चमकदार निळ्या-हिरव्या कृमीला २०२२ मध्ये नाव मिळाले, तेही याच कप्प्यात. 'याचे नक्की स्थान अजून ठरलेले नाही' असे उघड सांगणारे नाव हा आम्हाला वर्गीकरणातील दोष वाटत नाही. उलट तो त्याचा मोठेपणा वाटतो. जनुकांच्या अभ्यासानेही सारे सुटत नाही. जनुकांचा क्रम मिळाला तरी तो कोणत्या जुन्या नावाशी जोडायचा, हे ठरवायला जुने नमुने, जुनी वर्णने आणि ग्राफ यांच्यासारख्यांची चित्रेच पुन्हा उघडावी लागतात.

एवढा खटाटोप नावासाठी का, असा प्रश्न विद्यार्थी विचारतील. विचारावाच. 'बायपॅलियम क्यूएन्से' गांडुळे खातो. २००५ मध्ये वर्णन झालेला 'बायपॅलियम व्हेगम' हाही रेघांचा हातोडाडोक्या कृमीच, पण तो गोगलगायी खातो. क्यूएन्सेच्या पाठीवर पाच गडद रेघा, व्हेगमच्या पाठीवर तीन. मातीसाठी आणि बागेसाठी दोघांचे परिणाम वेगळे आहेत. न्यू गिनीत सापडलेल्या आणि १९६३ मध्ये नाव मिळालेल्या 'प्लॅटिडेमस मानोक्वारी'ची कथा तर याहून गंभीर आहे. आफ्रिकी महाकाय गोगलगाय पिकांचा फडशा पाडते म्हणून तिच्यावर उतारा म्हणून हा कृमी १९८१ मध्ये फिलिपिन्समधील एका बेटावर आणि १९८५ मध्ये मालदीवमध्ये मुद्दाम सोडण्यात आला. 'गोगलगाय खाणारा' एवढीच ओळख पुरेशी मानली गेली. कोणती गोगलगाय, हे त्याला कोण सांगणार? पॅसिफिक महासागरातील बेटांवर त्याने स्थानिक गोगलगायींचा संहार केला. जगातील सर्वांत घातक शंभर आगंतुक जातींच्या यादीत आज त्याचे नाव आहे. तीच महाकाय गोगलगाय मुंबईतही आहे. म्हणून असा उपाय कोणी सुचवला, तर ही हकीकत आपल्या शिक्षकांना ठाऊक असणे गरजेचे आहे.

आता शालेय पुस्तकांकडे वळू. चपटकृमींचा संघ शिकवताना बहुधा असे सांगितले जाते की यातील बहुतेक प्राणी परजीवी असून थोडे मुक्तजीवी पाण्यात राहतात. जमिनीवरच्या शेकडो जातींना त्या वाक्यात जागाच नाही. पावसाळ्यात अंगणात हातोडाडोक्या कृमी पाहणारा मुलगा ते वाक्य पाठ करतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांपेक्षा पुस्तक खरे ठरते. त्याहून मोठा दोष असा की वर्गीकरणाचा तक्ता तयार, अंतिम वस्तू म्हणून समोर येतो. तो कोणी, कशावरून बनवला आणि तो कितीदा मोडून पुन्हा बांधला, हे कोठेच येत नाही.

शिक्षकांनी एवढे करून पाहावे. असा कृमी दिसल्यास तो कापू नये, कारण तुकड्यांतून नवे कृमी होऊ शकतात. तो दुसऱ्या बागेत नेऊन सोडू नये. काही जातींत टेट्रोडोटॉक्सिन हे विष असल्याचे २०१४ मध्ये दाखवले गेले आहे, म्हणून उघड्या हाताने धरू नये आणि हात लागलाच तर साबणाने धुवावा. भिंगातून डोक्याचा आकार, डोळ्यांची मांडणी, रेघांची संख्या आणि लांबी विद्यार्थ्यांनी वहीत उतरवावी. जागा, तारीख व तो काय खात होता हेही लिहावे. नावाच्या रकान्यात 'हातोडाडोक्या भूचर चपटकृमी, जात अनिश्चित' असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला पूर्ण गुण द्यावेत. छायाचित्रावरून घाईने लॅटिन नाव चिकटवणाऱ्याला मात्र एकच प्रश्न विचारावा : हे तू कशावरून म्हणतोस? या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता वर्गीकरणशास्त्र ग्राफ यांच्यापासून आजवर आले आहे.