थांबणारे आणि न थांबणारे

पावसमध्ये जांभ्याच्या पाखाडीवरून उतरणाऱ्या आजींना कुणी काही विचारले, की त्या आधी थांबतात, मग उत्तर देतात. हे थांबणे दुबळेपणाचे लक्षण मानावे की सावधपणाचे?

स्वीडनमधील लुंडिन-ओल्सन व सहकाऱ्यांनी १९९७ साली ‘लॅन्सेट’मध्ये याविषयी एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. वृद्धनिवासातील ५८ जणांशी चालता चालता गप्पा सुरू केल्या, तेव्हा १२ जण थांबले. पुढील सहा महिन्यांत त्यांपैकी १० जण पडले. चालण्यालाही अवधान लागते. वयानुसार दृष्टी, तळपायांची संवेदना आणि अंतर्कर्णाचे कार्य मंदावले, की ते अधिकच लागते. ही गोष्ट कोणत्याही उपकरणाविना दिसून आली, हे या निबंधाचे यश.

पण उरलेल्या ४६ जणांचे काय? त्यांतलेही ११ जण पडले. म्हणजे पडलेल्या २१ पैकी निम्म्याहून अधिक या कसोटीतून निसटले! ‘थांबत नाहीत, म्हणजे धोका नाही’ असा निष्कर्ष त्यामुळे चुकीचा ठरतो. शिवाय थांबणे हे पडण्याचे कारण नव्हे. शेवाळलेल्या पायरीवर तर थांबणेच शहाणपणाचे.

शिक्षकांनी हे आकडे फळ्यावर मांडून निसटलेले ११ जण मुलांनाच शोधू द्यावेत. घरच्या आजीआजोबांवर मात्र हा प्रयोग नको. ते पाखाडी उतरेपर्यंत आपला प्रश्न आपल्याजवळच ठेवावा.