मजुमदार-घोष प्रतिमान : अचूक उत्तर आणि संक्रमणबिंदू यांतील भेद

प्रावस्था-संक्रमण म्हटले की बर्फाचे वितळणे किंवा तापवलेल्या लोखंडाचे चुंबकत्व नष्ट होणे ही उदाहरणे दिली जातात. दोन्हींचे कारण उष्णता हे आहे. पुंजभौतिकीतील संक्रमण याहून भिन्न असते. निरपेक्ष शून्य तापमानालाही, केवळ अंतर्गत आंतरक्रियांचे प्रमाण बदलल्याने पदार्थाची न्यूनतम ऊर्जावस्था पालटते. या विषयातील एक पायाभूत कार्य महाराष्ट्रात झाले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील चंचलकुमार मजुमदार व दीपन घोष यांनी १९६९ मध्ये ते प्रसिद्ध केले.

एका रेषेत मांडलेले स्पिन शेजाऱ्याच्या विरुद्ध दिशेला राहू पाहतात. त्याच वेळी एक सोडून पुढच्या स्पिनशीही तशीच आंतरक्रिया असेल, तर दोन्ही मागण्या एकदम पूर्ण होत नाहीत. दुसरी आंतरक्रिया पहिलीच्या बरोबर निम्मी असताना लगतच्या दोन-दोन स्पिनांच्या जोड्या बनतात व प्रत्येक जोडीचा एकूण स्पिन शून्य होतो. अशा जोड्या दोन प्रकारे लावता येत असल्याने बंद साखळीला दोन समान न्यूनतम ऊर्जावस्था मिळतात.

या प्रतिमानाचे मूल्यमापन करताना एक गल्लत संभवते. ०.५ हे गुणोत्तर अचूक उत्तराचे आहे, संक्रमणाचे नव्हे. ओकामोतो व नोमुरा यांनी १९९२ मध्ये संगणकीय गणिताने संक्रमणबिंदू सुमारे ०.२४११ येथे निश्चित केला. त्याखाली साखळीत ऊर्जा-अंतर नसते. त्यावर ते निर्माण होते व जोड्यांची रचना स्थिरावते. म्हणजे मुंबईतील संशोधनाने नव्या प्रावस्थेच्या अंतर्भागातील एक बिंदू उजळला. तिची सीमा नंतर सापडली. यामुळे त्या कार्याचे मोल कमी होत नाही, उलट नेमके कळते.

दुसरी मर्यादा प्रत्यक्ष पदार्थांची आहे. १९९३ मध्ये कॉपर जर्मेनेटमध्ये सुमारे १४ केल्विनला स्पिन-जोड्या बनत असल्याचे आढळले. परंतु तेथे स्फटिकजालकाचे विरूपणही घडते. म्हणून केवळ स्पिनांच्या साखळीचे हे प्रतिमान त्या संक्रमणाचे पुरेसे स्पष्टीकरण ठरत नाही. याच विचारधारेतील द्विमितीय प्रतिमान श्रीराम शास्त्री व बिल सदरलँड यांनी १९८१ मध्ये मांडले. त्याच्याशी जुळणारा स्ट्रॉन्शियम कॉपर बोरेट हा पदार्थ १९९९ मध्ये पुढे आला. सुमारे २ गिगापास्कल दाबाखाली त्यातील जोड्यांची अवस्था मोडून चार-चार स्पिनांची रचना अवतरते, असे २०१७ मधील न्यूट्रॉन प्रयोगांतून दिसले. येथे संक्रमण घडवणारा घटक दाब आहे, उष्णता नव्हे.

अध्यापनाच्या दृष्टीने या प्रतिमानाचे महत्त्व वेगळेच आहे. अतिशीत तापमानाची प्रयोगशाळा लोणार तालुक्यातील सुलतानपूरसारख्या ग्रामीण परिसरात अपेक्षिता येणार नाही. मात्र पुढे प्रचलित झालेली, सलग तीन-तीन स्पिनांचे गट करून दिलेली सिद्धता फळ्यावर पूर्ण करता येते. कोनीय संवेगाच्या बेरजेचा नियम तिला पुरतो. प्रत्येक गटाचा एकूण स्पिन किमान अर्धा असतो आणि जोड्यांची रचना सर्व गटांत तो किमान ठेवते. म्हणून तीच न्यूनतम ऊर्जावस्था. ही सिद्धता शिकवताना अचूक उत्तर, संक्रमणबिंदू आणि प्रत्यक्ष पदार्थ यांतील भेद स्पष्ट केला, तरच विद्यार्थ्याला प्रतिमानाची शक्ती व मर्यादा दोन्ही उमगतील.