गाळलेला रकाना

परप्रांतीयांविषयीचे लोकमत वृत्तपत्रे घडवतात, की आधीच घडलेले मत ती फक्त छापतात? मुंबईपुरते या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर शिवाजी पार्कच्या परिसरातून निघालेल्या एका साप्ताहिकापाशी जावे लागते. 13 ऑगस्ट 1960 रोजी यशवंतराव चव्हाण यांच्या हस्ते ‘मार्मिक’चे प्रकाशन झाले. महाराष्ट्र राज्य स्थापन होऊन तेव्हा साडेतीन महिनेही लोटले नव्हते. राज्य मिळाले, मुंबईही मिळाली. पण कचेरीतल्या मोठ्या खुर्चीत मराठी माणूस दिसत नाही, ही खंत दादर-गिरगावच्या मध्यमवर्गात होतीच. ती ‘मार्मिक’ने जन्माला घातली नाही. ‘मार्मिक’ने तिला आकार दिला.

या साप्ताहिकाची चर्चा बहुधा बाळ ठाकरे यांच्या कुंचल्यापाशी थांबते. ‘रविवारची जत्रा’ हे व्यंगचित्रांचे पान आणि श्रीकांत ठाकरे यांची ‘शुद्ध निषाद’ या नावाने येणारी चित्रपटपरीक्षणे यांचा वाचक मोठा होता, यात शंका नाही. पण परप्रांतीयांविषयीच्या मतावर सर्वांत खोल परिणाम केला तो अंकातल्या सर्वांत रुक्ष मजकुराने, म्हणजे याद्यांनी. अमुक कंपनी, अमुक कार्यालय, आणि खाली अधिकाऱ्यांची नावे. टेलिफोन डिरेक्टरीसारख्या उघड्या साधनांतून उचललेली ही नावे बहुतांशी दाक्षिणात्य असत. सदराचे शीर्षक होते ‘वाचा आणि थंड बसा’. पुढे ते ‘वाचा आणि उठा’ असे झाले.

व्यंगचित्र पाहताना वाचक सावध असतो. नाक लांब काढले आहे, पोट फुगवले आहे, हे त्याला कळते. यादी वाचताना तो सावध नसतो. तिच्यात विशेषण नाही, शिवी नाही, युक्तिवादही नाही. नावे खरी आहेत, कोणीही पडताळून पाहावीत. निष्कर्ष संपादक लिहीत नाही, तो वाचक स्वतः काढतो, आणि स्वतः काढलेला निष्कर्ष माणूस सहसा सोडत नाही. संपादकाचा हात दिसतो तो फक्त शीर्षकात. बातमी वाचून काय वाटावे हे सांगणारे ते शीर्षक आधी उपरोधाने टोचते आणि मग सरळ आज्ञा करते.

म्हणून यादीची समीक्षा करायची तर तिच्यात काय छापले याइतकेच काय गाळले हे पाहावे लागते. त्या पदांसाठी अर्ज किती आले, त्यांत मराठी किती, जाहिरात कोठे दिली होती, टंकलेखन-लघुलेखनाची अट कोणाला अनुकूल होती, वशिला कोठे लागला, यांपैकी कशालाच रकाना नाही. अन्याय झाला असेल तर तो याच रकान्यांत सापडला असता. याद्या खोट्या होत्या असे म्हणण्याचे कारण नाही, मात्र त्यांनी तक्रारीचा पुरावा न देता तक्रारीचा आरोपी दिला.

दुसरा गाळलेला रकाना जन्मस्थळाचा. आडनाव नायर म्हणजे ‘बाहेरचा’, हे यादीचे गृहीत. तो नायर माटुंग्यात जन्मून दादरच्या शाळेत शिकलेला असू शकतो, हे तिला दिसत नाही. आणि कामत, कुलकर्णी ही आडनावे तर सीमेच्या दोन्ही बाजूंना नांदतात. 1961च्या जनगणनेत बृहन्मुंबईत मराठी भाषकांचे प्रमाण सुमारे 43 टक्के होते, आणि शहराच्या निम्म्याहून अधिक लोकांचा जन्म मुंबईबाहेरचा होता. परळ-लालबागच्या गिरण्यांत राबणारा रत्नागिरीकर किंवा सातारकर हाही पोटासाठी गाव सोडून आलेलाच. त्याला ‘आतला’ आणि माटुंग्याच्या नायरला ‘बाहेरचा’ ठरवणारी रेषा भाषावार राज्याने आखली होती. यादीने ती ऑफिसच्या टेबलापर्यंत आणली.

वृत्तपत्र लोकांना काय विचार करावा हे पटवू शकत नसेल, पण कशाचा विचार करावा हे मात्र हमखास सांगते, असे अमेरिकन अभ्यासक बर्नार्ड कोहेन यांनी 1963मध्ये मांडले. मुंबईचा अनुभव त्याला एक पुस्ती जोडतो. यादी कोणाचा विचार करावा हेही सांगते, आणि वाचकाला एकटे ठेवत नाही. आपल्यासारखेच हजारो जण आज हीच नावे वाचत आहेत, हे त्याला जाणवते. 19 जून 1966 रोजी शिवसेना स्थापन झाली. 30 ऑक्टोबरला शिवाजी पार्कवर तिची पहिली जाहीर सभा भरली, तेव्हा हा विखुरलेला वाचक प्रथमच एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला. मेरी कॅट्झेनस्टाइन (1979) आणि दीपंकर गुप्ता (1982) यांनी या चळवळीचे राजकारण नि अर्थकारण तपासले आहे. वाचकाची सभा कशी झाली, हे कळायला मात्र अंकाची पानेच उलटावी लागतात.

चाळीस वर्षांनी यादीची जागा दूरचित्रवाणीच्या दृश्याने घेतली. 19 ऑक्टोबर 2008 रोजी रेल्वेभरतीच्या परीक्षेला आलेल्या उत्तर भारतीय उमेदवारांना मुंबईत मारहाण झाली. ती दृश्ये वाहिन्यांवर पुन्हा पुन्हा फिरली. मारहाण निंद्यच होती आणि दाखवायलाच हवी होती. पण भरतीच्या जाहिराती मराठी वृत्तपत्रांत येत नाहीत, ही इकडची तक्रार खरी की खोटी, हे तपासायला त्या दृश्याच्या चौकटीत जागा नव्हती. पुन्हा तोच रकाना गाळला गेला, फक्त या वेळी उलट्या बाजूने. यादीने मराठी वाचकाला परप्रांतीयाचा चेहरा दाखवला नव्हता, दृश्याने देशाला मराठी उमेदवाराचा प्रश्न दाखवला नाही.

याद्या आजही फिरतात, आता फोनवर. कधी फेरीवाल्यांच्या, कधी भाडेकरूंच्या, कधी दुकानदारांच्या. त्या वाचून थंड बसावे की उठावे, हे सांगणारेही सोबत असतात. वाचकाने त्याआधी एवढेच विचारावे, या यादीत कोणता रकाना नाही? मराठी तरुणाच्या नोकरीचा प्रश्न खरा असेल, आणि तो अनेकदा खरा असतो, तर त्याचे उत्तर त्याच रकान्यात आहे.